दांड्याची बाजू

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ ही म्हण आपल्या भाषेंत इतकी रुळलेली आहे कीं, दांड्यालाही कांहीं बाजू असेल, ती एकदां ऐकून घ्यावी, असें आजवर फारसें कोणाच्या मनांत आलेलें दिसत नाहीं. घरभेद्या भाऊ असो, फितूर कारभारी असो, किंवा रातोरात पक्ष बदलणारा पुढारी असो, त्याला दांड्याची उपमा दिली कीं आपलें काम झालें. वास्तविक पाहतां कुऱ्हाडीचे भाग मुळीं दोन, आणि त्या दोहोंत कष्टाळू व अल्पायुषी असा हाच. घाव पात्याच्या नांवावर जमा होतो, हादरा दांडा सोसतो. पातें आजाकडून नातवाकडे जातें; दांडा मात्र एकाच पिढींत दोन-तीनदां मोडून चुलींत जातो. गोतास काळ होण्याचें पाप त्याच्या माथीं असेल, पण त्या पापाचें फळ भोगणाराही तोच आहे. आम्हीं आज त्याचें वकीलपत्र घेतलें आहे तें म्हणीवर राग धरून नव्हे. त्याला तसेंच कारण घडलें.

गेल्या उन्हाळ्यांत एका व्याख्यानमालेंत एका विद्वान् गृहस्थांचें भाषण ऐकण्याचा योग आला. विषय अर्थशास्त्राचा, वाणी रसाळ, आणि श्रोतृवर्ग आमच्यासारखाच, म्हणजे निवृत्तीच्या उंबरठ्यावर उभा असलेला, मुलें परदेशीं पाठविलेला, आणि रविवारच्या पुरवण्या वाचून देशाची चिंता वाहणारा. व्याख्यात्यांनीं बोलतां बोलतां एक दाखला दिला. जुनी कुदळ, जुना वाकस, जुनी कुऱ्हाड घेऊन त्यांना नवे दांडे बसवीत बसणें म्हणजे दारिद्र्याला तत्त्वज्ञानाचा अंगरखा घालणें होय; ज्या समाजांत माणसाचा वेळ कवडीमोल असतो त्यालाच दुरुस्ती परवडते; पुढारलेला समाज जुनें टाकतो आणि नवें घेतो, असा त्यांचा एकंदर अभिप्राय. सभा हंसली. मग समारोपाला अध्यक्ष उठले. ते पडले वारशाचे अभिमानी. त्यांना हें टाकून देणें मुळींच रुचलें नव्हतें. त्यांनीं आर्जवानें सांगितलें कीं, जुनीं अवजारें टाकूं नका. तीं घासूनपुसून, चकचकीत करून, झिलई देऊन दिवाणखान्यांत लावा, म्हणजे पुढच्या पिढीला आपल्या पूर्वजांची ओळख राहील. सभेनें ह्यालाही टाळ्या दिल्या. एकानें अवजार मारलें आणि दुसऱ्यानें त्यांत पेंढा भरला, आणि दोघांनाही आम्हीं सारख्याच उत्साहानें टाळ्या वाजविल्या, हें घरीं परत येतांना आमच्या ध्यानांत आलें व आमची आम्हांसच शरम वाटली.

ह्या दोन्ही मतांना आमचा विरोध आहे. पहिल्यापेक्षां दुसऱ्याला अधिक. परंतु विरोध करावयास उभें राहण्यापूर्वीं आपला स्वतःचा सदरा किती डागाळलेला आहे तें सांगून टाकणें बरें, कारण ह्या प्रकरणांत आम्ही वकील होण्याच्या आधीं आरोपी होतों.

२०११ सालीं सातारा जिल्ह्यांतील आमच्या वडिलोपार्जित घराची वांटणी झाली. आमचे आजोबा पेशानें शिक्षक; पण त्या काळच्या खेड्यांतल्या शिक्षकाला शाळेइतकेंच घर, गोठा आणि परसांतली बाग सांभाळावी लागे, आणि हरघडी सुतार-लोहाराकडे धांव घेणें त्यांच्या मानी स्वभावाला पटत नसे. माळ्यावर त्यांची एक लांकडी पेटी होती. तींत एक वाकस, दोन पटाश्या, एक रंधा, करवत, गिरमिट, विळे आणि खुरपीं होतीं. बहुतेकांचे दांडे व मुठी वाळवीनें पोखरल्या होत्या. वांटणीच्या वेळीं भांडीं मोजून वांटलीं, पुस्तकें भांडून वांटलीं. ही पेटी कोणीं मागितली नाहीं. दारावरून भंगारवाला चालला होता, त्याला हांक मारून आम्हीं ती त्याच्यापुढें ओतली. त्यानें वाकस उचलला, उंबऱ्यावर आपटून त्याची मूठ निखळून टाकली, कारण लांकडाच्या वजनाचे पैसे त्याला द्यावयाचे नव्हते, आणि लोखंड तराजूंत घातलें. पैसे किती आले तें आठवत नाहीं. त्यांतून त्या दिवशीं सर्वांसाठीं भजीं आणविलीं, एवढें आठवतें.

वाचली ती एक कुऱ्हाड. ती सरपणाच्या ढिगाखालीं गाडली गेली होती, आणि तो ढीग हलला तो चार वर्षांनीं. पातें गंजानें लाल झालेलें, दांडा पात्यालगत मोडलेला, आणि त्याचा बुंधा नेढ्यांत घट्ट अडकून बसलेला. तिला नवा दांडा घालावयाचें आम्हीं मनावर घेतलें तें प्रायश्चित्त म्हणून कीं केवळ उन्हाळ्याच्या सुट्टींत करावयास दुसरें कांहीं नव्हतें म्हणून, हें आतां सांगवत नाहीं. अडकलेला बुंधा जाळून काढावा असें आम्हीं ठरविलें आणि अंगणांत शेकोटी पेटविली. तेवढ्यांत गांवचे सुतार तात्या तेथून चालले होते. ते धांवतच आंत आले.

"सर, पातं जाळलं तर धारंचं पानी उतरंल," ते म्हणाले, "मग ही कुऱ्हाड लोणी कापाया ठेवा."

वाचकांपैकीं ज्यांस हें 'पाणी' ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगावे लागतील. पोलाद लाल तापवून पाण्यांत बुडविलें कीं तें कठीण होतें, पण कांचेसारखें ठिसूळही होतें. तो ठिसूळपणा घालविण्यासाठीं तें पुन्हां मंद आंचेवर थोडें तापवावें लागतें. त्या वेळीं घासलेल्या पोलादावर प्रथम गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा आणि सुमारें ३०० अंश सेल्सिअसला निळा रंग चढतो. लोहार हे रंग पाहून कोठें थांबावें तें ठरवितो. एकदां हें जमलें म्हणजे पात्याला पाणी चढलें. त्यापुढें तें जितकें अधिक तापेल तितकें मऊ होत जातें. शेकोटींत घातलेली कुऱ्हाड दिसते तशीच दिसते, पण धार धरीत नाहीं. आम्ही रस्किनवर वर्षानुवर्षें व्याख्यानें देत आलों आहों. त्याच्या एका पुस्तकाचा सारांश गांधीजींनीं 'सर्वोदय' ह्या नांवानें १९०८ सालीं गुजरातींत दिला, हें आम्ही दरवर्षीं विद्यार्थ्यांस न चुकतां सांगतों. श्रमाची थोरवी आम्हांला मुखोद्गत होती. पाणी कसें उतरतें हें मात्र पंचेचाळिशी उलटल्यावर एका सुताराकडून कळावें लागलें.

तात्यांनीं बुंधा खालच्या बाजूनें ठोकून बाहेर काढला. पातें रात्रभर चिंचेच्या कोळांत ठेवून सकाळीं विटकरीच्या तुकड्यानें घासलें, धुवून लगेच कोरडें केलें आणि त्यावर तेलाचा हात फिरविला. हें काम सोपें. खरा वेळ लागला तो लांकडाला. आम्हीं तालुक्याच्या वखारींतून सागवानाचा एक सरळ, सुरेख, यंत्रावर चिरलेला तुकडा आणला होता. तात्यांनीं तो हातांत घेऊन पाहिला, त्याची मनापासून तारीफ केली, आणि बाजूला ठेवला. "ह्ये दाराला," ते म्हणाले. "घावाला न्हाई." मग त्यांनीं आपल्या गोठ्याच्या आढ्याला दोन वर्षें वाळत घातलेला धामणीचा तुकडा काढला. सह्याद्रीच्या रानांत वाढणारी ही धामण चिवट आणि लवचिक. वांकते, पण सहजासहजी मोडत नाहीं. देशावर बाभळीचे दांडे करतात, डोंगराकडे धावड्याचे आणि तिवसाचेही करतात. प्रत्येक गांवाला आपापलें झाड ठाऊक असे. इंग्लंडांत ॲश आणि अमेरिकेंत हिकरी ह्या झाडांना हाच मान आहे, आणि तो मिळण्याचें कारणही हेंच: हादरा गिळण्याची ताकद.

पुढचें शिक्षण आम्हांला अधिकच नवें होतें. दांड्याचें लांकूड शक्य तों करवतीनें चिरावयाचें नसतें, फोडावयाचें असतें. करवत सरळ जाते, पण झाडाचा तंतु सरळच गेलेला असतो असें नाहीं. करवतीनें तंतु मध्येंच तोडला आणि तो दांड्याच्या कडेला बाहेर पडला, कीं मोड नेमकी तेथून येते. फोडतांना चीर तंतूच्या मागें जाते, आणि मग या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड गेलेला दांडा मिळतो. टोकावर ज्या रेषा दिसतात त्या पात्याच्या दिशेनें धांवाव्या, आडव्या जाऊं नयेत. दांडा गोल करूं नये, अंड्यासारखा चपटा ठेवावा, म्हणजे धार कोणीकडे आहे हें डोळ्यांनीं न पाहतां मुठीला कळतें. कुदळीचा दांडा वरून घालतात. त्याचें जाड टोक वर राहतें, आणि हिसका बसून कुदळ निसटूं पाहील तर त्या जाड टोकावरच अधिक घट्ट बसते. आमच्या ह्या कुऱ्हाडीला मात्र खालून दांडा घालून, त्याच्या माथ्यावर चीर घेऊन, तींत वाळलेल्या कठीण लांकडाची पाचर ठोकावयाची होती. सैल झालेली कुऱ्हाड रात्रभर पाण्यांत बुडवून ठेवण्याची आपल्याकडे सार्वत्रिक चाल आहे. तात्यांना तिचा फार राग. पाण्यानें लांकूड फुगतें खरें, परंतु लोखंडाच्या भिंतींवर दाबलें जाऊन त्याचे तंतु चेचले जातात, आणि वाळल्यावर तें पहिल्याहून अधिक सैल पडतें. तीच गोष्ट झिलईची. चकचकीत दांडा घामेल्या हातांत सरकतो आणि तळव्याला फोड आणतो; जवसाचें तेल चार दिवस थोडें थोडें जिरविलें म्हणजे तें हवेनें आंत घट्ट होतें आणि लांकूड लांकडासारखें हातांत राहतें.

आणि लांबी? त्यांनीं टेप काढला नाहीं. आम्हांला हात ताठ करावयास सांगून काखेपासून बोटांच्या टोकांपर्यंत लांकूड धरून पाहिलें आणि तेथें खूण केली. आमचे आजोबा आमच्याहून हातभर नसले तरी चांगले चार बोटें उंच होते. त्यांचा दांडा वाळवीनें खाल्ला नसता, मोडलाही नसता, तरी तो आम्हांला लांबच पडला असता. येथें आमच्या डोक्यांत पहिल्यानें उजेड पडला. दांडा बदलणें ही नाइलाजाची डागडुजी आहे असें आम्ही समजत होतों. ती वारस नेमण्याची रीत आहे. पातें वडिलांचें घ्यावयाचें आणि दांडा आपल्या हाताच्या मापाचा करावयाचा. ज्याला हें करावयाचें नाहीं त्याला वारसा मिळत नाहीं, नुसतें लोखंड मिळतें.

आतां व्याख्यात्यांकडे वळूं. त्यांचा पहिला मुद्दा किंमतीचा. तात्यांनीं दोन दिवसांच्या कामाचे आणि लांकडाचे मिळून २०० रुपये मागितले. आम्हीं ५०० दिले, आणि त्यांत त्यांना आनंद झाला कीं अपमान वाटला हें आम्हांस अजून कळलेलें नाहीं. तेवढ्यांत बाजारांत नवी कुऱ्हाड मिळाली असती, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण ती कशी मिळाली असती? आमच्या शेजाऱ्यांनीं हौसेनें घेतलेली नवी कुऱ्हाड आम्हीं पाहिली आहे. तिला लोखंडी नळीचा दांडा पात्यालाच जोडून टाकलेला आहे. वर रबराची मूठ, वर लाल रंग. नळी हादरा गिळत नाहीं, तो जसाच्या तसा मनगटाला पोंचविते. आणि जोड तडकला म्हणजे पातें चांगलें असूनही सबंध वस्तु फेंकून द्यावी लागते. ह्याला स्वस्ताई म्हणणें म्हणजे दर दोन वर्षांनीं घर बांधून भाडें वाचविल्याचा आनंद मानणें आहे. जो भाग आधीं झिजणार हें बनविणाऱ्याला ठाऊक असतें, तोच भाग मालकाला बदलतां येणार नाहीं असा बनवावयाचा, ही युक्ति मोबाइलपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळीकडे पसरल्यावर जग जागें झालें. आपल्याकडेही २०२२ सालीं केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठीं समिति नेमली आणि तिच्या कामांत शेतीच्या अवजारांचा समावेश केला. पुढारलेला समाज टाकतो व नवें घेतो असें सांगणाऱ्या व्याख्यात्यांनीं हें पाहावयास हवें होतें कीं, पुढारलेले म्हणविणारे देश आज हाच हक्क कायद्यानें परत मिळवूं पाहत आहेत. कुऱ्हाडीच्या नेढ्यानें तो हक्क कायद्यावांचून शेंकडों वर्षें सांभाळला होता. नेढें म्हणजे तरी काय? पुढच्या दांड्यासाठीं ठेवलेली मोकळी जागा.

मात्र त्यांचा दुसरा मुद्दा, जो त्यांनीं ओझरता मांडला आणि ज्याच्याकडे सभेनें दुर्लक्ष केलें, तो आम्हांस खरोखर अडवितो. ते म्हणाले कीं, दुरुस्तीच्या ह्या जगाचें कौतुक करणारे लोक बलुतेदारीचें कौतुक करीत असतात. ह्या आक्षेपाला हंसून चालणार नाहीं. त्रिंबक नारायण आत्रे ह्यांचें 'गांवगाडा' हें पुस्तक १९१५ सालचें; ज्याला खेड्यांतल्या सुतार-लोहाराचा व्यवहार कसा चाले तें पाहावयाचें असेल त्यानें तें अवश्य पाहावें. सुतारानें वर्षभर कुणब्याचीं अवजारें नीट ठेवावयाचीं आणि सुगींत खळ्यावर धान्याचा वांटा घ्यावयाचा. कागदावर हें सोईचें दिसतें. पण त्यांत सुताराच्या मुलानें सुतारच व्हावयाचें होतें, आणि गांवाबाहेर ज्यांना राहावें लागे त्यांच्या वांट्याला त्याच व्यवस्थेनें काय आणलें तें सांगावयास नकोच. ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटनासमितींत बोलतांना डॉ. आंबेडकरांनीं खेड्याच्या ह्या भाबड्या भक्तीवर जो प्रहार केला, तो आमच्यासारख्या शहरांत बसून खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांवरच होता, आणि तो योग्यच होता.

तेव्हां आम्हीं स्पष्ट सांगितलें पाहिजे: आम्हांला बलुतें परत नको आहे. पण बलुतें गेलें ह्याचें बक्षीस म्हणून सुताराला आपण काय दिलें? त्याच्या विद्येला दाम दिला काय? आपण ती विद्याच निरुपयोगी ठरविली, आणि त्याला सांगितलें, बाबा रे, आतां तूं मुक्त आहेस. तात्यांचा मुलगा पुण्यांत मोटार चालवितो. तो सुतार झाला नाहीं ह्याचें आम्हांस दुःख नाहीं. त्याला मोटार आवडत असेल तर त्यानें ती सुखानें चालवावी. दुःख ह्याचें आहे कीं, त्याला सुतारकी आवडली असती तरी ती परवडली नसती, आणि ती न परवडण्याचें कारण आमच्यासारखींच घरें आहेत. पांचशें रुपयांच्या जेवणाला जी घासाघीस आपण करीत नाहीं ती दोनशें रुपयांच्या दांड्याला करतों. जातीनें लादलेलें काम आणि हातानें येणारें काम ह्यांत भेद करावयास शिकणें हें आमच्या वर्गाचें काम होतें. आम्हीं दोन्ही एकाच पेटींत घालून भंगारांत दिलीं. १९३७ सालीं वर्ध्याच्या परिषदेंत हस्तोद्योगाभोंवतीं शिक्षण गुंफण्याची योजना निघाली, तेव्हां हाच भेद शाळेंत शिकविण्याचा प्रयत्न होता. त्या योजनेचें पुढें काय झालें तें कोणत्याही इंग्रजी शाळेच्या 'क्राफ्ट'च्या तासाला जाऊन पाहावें. तेथें मुलें रंगीत कागद चिकटवितात, आणि प्रकल्प घरीं आई करते.

अध्यक्षमहाशयांचा समाचार शेवटीं घेतों, कारण ते आमच्या अधिक जवळचे आहेत आणि म्हणून अधिक धोक्याचे आहेत. टाकणारा निदान प्रामाणिक असतो. हे लोक प्रेमानें मारतात. जुनें अवजार आणलें कीं त्यांचें पहिलें काम म्हणजे तें विजेच्या चाकावर धरून आरशासारखें चकचकीत करणें. ठिणग्या उडतात, पातें तापतें, धारेवर तो निळा रंग चढतो, आणि तो किती सुंदर दिसतो म्हणून त्याचें छायाचित्र काढतात! गंजाबरोबर पाणीही गेलें ह्याचा पत्ता नाहीं. त्यांतच जुन्या गांवठी पात्यांची आणखी एक गोष्ट. पूर्वीं पोलाद महाग. म्हणून पुष्कळदां लोहार अंग साध्या लोखंडाचें करी आणि धारेपुरती पोलादाची पट्टी तापवून, ठोकून तींत सांधी. ती पट्टी घासून संपविली म्हणजे खालीं उरतें तें खिळ्याइतकें मऊ लोखंड. मग झिलई, मग दिवाणखान्याची भिंत, मग पाहुण्यांना 'आमच्या आजोबांची' म्हणून दाखविणें. दांडा बदलावयाचें मात्र नांव नको! मोडका दांडाच 'अस्सल' म्हणावयाचा, आणि तो पडूं नये म्हणून त्याला आंतून डिंक भरावयाचा.

संग्रहालयाला आमचा विरोध नाहीं. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयांत दिवे, अडकित्ते, भांडीं पाहतांना ज्याचें मन भरून येत नाहीं तो दुर्दैवी म्हणावा. पण संग्रहालयानें जें करावयाचें तें घरानें करूं नये. संग्रहालय वस्तु थांबवून ठेवतें, कारण तें त्याचें कामच आहे. घरानें ती चालवावयाची असते.

येथें कोणी तत्त्वज्ञ विचारील कीं, दांडा बदलला तर कुऱ्हाड तीच राहिली काय? प्रश्न जुना आहे. प्लूटार्क सांगतो कीं, अथेन्सच्या लोकांनीं थीसियसचें जहाज कुजलेल्या फळ्या बदलीत बदलीत टिकविलें, आणि तें तेंच कीं दुसरें ह्यावर तत्त्ववेत्ते वाद घालीत बसले. आपल्याकडे मिलिंद राजाला नागसेन भिक्षूनें रथाचा असाच कोडा घातला: चाकें म्हणजे रथ नव्हे, आंस म्हणजे रथ नव्हे, मग रथ कोठें आहे? आम्हांला हे दोन्ही दाखले वर्गांत शिकवावयास फार आवडतात. पण गंमत अशी कीं, ज्यांनीं आयुष्यभर कुऱ्हाड चालविली त्यांना हा प्रश्न पडल्याचें आम्हीं तरी पाहिलें नाहीं. आम्हीं तात्यांना विचारून पाहिलें. त्यांनीं आमच्याकडे, परीक्षेंत भलताच प्रश्न आलेल्या मुलासारखें पाहिलें आणि म्हणाले, "कुनाची हाये त्यावर हाय ते." ह्यावर शंभर पानांचा प्रबंध होऊं शकेल, आम्ही तो लिहिणार नाहीं.

आमच्या घरांतून अवजारें गेलीं, पण अवजारांची पूजा गेली नाहीं, हें आणखी एक नवल. खंडेनवमीला हत्यारें पुसून, त्यांवर हळदकुंकू वाहून पूजा करावयाची चाल. आतां बहुतेक घरीं पूजेला कात्री, स्वयंपाकघरांतली सुरी आणि कोठून तरी शोधून काढलेला एखादा पान्हा असतो. कांहीं ठिकाणीं लॅपटॉप. त्याला आमची हरकत नाहीं, ज्याचें जें अवजार तें त्यानें पुजावें. पण त्याच पूजेंत मोडक्या दांड्याची कुऱ्हाड मांडून, फूल वाहून, दुसऱ्या दिवशीं ती पुन्हां माळ्यावर टाकणें, हा त्या अवजाराचा मान कीं चेष्टा? पूर्वीं ह्याच्या आधीं आठ दिवस लोहाराकडे पाजवावयास आणि सुताराकडे दांडे घालावयास रीघ लागे असें आमची आजी सांगे. पूजा ही दुरुस्तीच्या शेवटीं येत असे. आपण दुरुस्ती गाळून शेवट तेवढा ठेवला.

असो. कुऱ्हाडीकडे परत येऊन हें लांबलेलें भाषण संपवूं. तिनें ह्या वर्षांत कांहीं फार मोठे पराक्रम केले नाहींत. आमच्या परसांत वाळलेल्या फांद्या असतात, शेजारच्यांच्या लग्नाला सरपण लागतें, तेवढेंच. दांडा आतां तपकिरी झाला आहे, आणि उजवा हात जेथें सरकतो तेथें तो अधिक गुळगुळीत आहे. गेल्या वैशाखांत पाचर सैल झाली. तात्यांच्या डोळ्यांना आतां दिसत नाहीं. आम्ही कुऱ्हाड घेऊन त्यांच्याकडे गेलों. त्यांनीं खाटेवर बसून दांडा बोटांनीं चांचपला, जुनी पाचर कशी काढावी, नवी किती जाड घ्यावी, कोठें तासावी, तें सांगत गेले आणि आम्ही तासत गेलों. दोनदां बोट कापतां कापतां वांचलें. शेवटीं पाचर ठोकली ती थोडी वांकडीच गेली. आम्हीं तसें कबूल केलें. त्यांनीं पात्याच्या माथ्यावरून अंगठा फिरवून पाहिला.

"असूं द्या सर," ते म्हणाले, "फुडच्या दांड्याला नीट बसंल."